कंपनी बंद पडली तर डिग्रीचं काय?



यंदा गटांच्या वह्या तपासताना अंतर्गत कर्जाच्या रकान्यात एक नवीन कारण दिसायला लागलं आहे. शेळी, शिलाई मशीन, खत-बियाणं, दवाखाना ही कारणं नेहमीचीच. त्यांच्या खाली आता 'सुनेची ऑनलाइन डिग्री', 'मुलाचं बीबीए, मोबाईलवर' असं लिहिलेलं असतं. सुनेच्या शिक्षणासाठी सासू कर्ज उचलते हे बघून मला खरंच बरं वाटतं. पण त्याच बैठकांत एक प्रश्न सारखा येतो, आणि तो विचारणाऱ्या ताईचं कौतुक केलं पाहिजे: "ती कंपनी उद्या बंद पडली, तर डिग्री पण जाते का हो?"

थोडक्यात उत्तर असं. मान्यता असलेल्या विद्यापीठाची, पूर्ण झालेली डिग्री जात नाही. अर्धवट राहिलेलं शिक्षण मात्र अडकतं. आणि ज्या विद्यापीठाला किंवा ज्या कोर्सला मान्यताच नव्हती, त्याची डिग्री फ्रेम करून भिंतीवर लावली तरी नोकरीच्या अर्जात चालत नाही. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि फी भरताना आपण त्या एकाच पिशवीत घालतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी आपल्या ओळखीचं उदाहरण घेऊ. १ एप्रिल २०१९ ला देना बँक आणि विजया बँक या दोन्ही बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. ज्यांची खाती देना बँकेत होती त्यांचं पासबुक बदललं, आयएफएससी बदलला, बोर्ड बदलला. पैसे कुठे गेले नाहीत, कारण मागे रिझर्व्ह बँकेची परवानगी होती आणि खात्याची नोंद सांभाळणारी दुसरी बँक होती. आता एखाद्याने गावात टेबल टाकून 'महिन्याला पाचशे भरा, दोन वर्षांत दुप्पट' अशी योजना काढली आणि तो पळाला, तर पावत्या हातात असूनही उपयोग होत नाही. डिग्रीचंही असंच आहे. बोर्ड कुणाचा आहे यापेक्षा परवानगी कुणाची आहे आणि नोंद कुणाकडे आहे, हे बघायचं.

नफ्यासाठी चालणारं ऑनलाइन विद्यापीठ बुडतं तेव्हा काय होतं, हे अमेरिकेत लोकांनी प्रत्यक्ष भोगलं आहे. तिथे शेअर बाजारातल्या कंपन्यांना उघडपणे विद्यापीठ चालवता येतं. त्यातली एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. आयोवा राज्यात क्लिंटन नावाच्या गावी ख्रिस्ती जोगिणींनी सुरू केलेलं एक लहानसं कॉलेज होतं. विद्यार्थी जेमतेम तीनशेच्या आसपास, तिजोरीत खडखडाट. मार्च २००५ मध्ये एका कंपनीने ते विकत घेतलं आणि नाव ठेवलं ॲशफोर्ड युनिव्हर्सिटी. कंपनीला त्या इमारतींपेक्षा कॉलेजला आधीपासून मिळालेली मान्यता हवी होती. नवीन विद्यापीठाला ती मिळवायला वर्षं लागतात, इथे ती आयतीच मिळाली. मग जाहिराती, फोन करणारी माणसं, सगळं ऑनलाइन. २०१० पर्यंत विद्यार्थी सत्तर हजारांच्या वर गेले.

एवढी मुलं कशी आली? तिथे बहुतेक मुलांची फी सरकारी शैक्षणिक कर्जातून येते. मुलगा दाखल झाला की कर्जाचे पैसे कंपनीकडे जमा. तो शिकला की मध्येच सोडून गेला, कर्ज मात्र त्याच्या नावावर. त्यामुळे शिकवण्यापेक्षा प्रवेश मिळवण्यावर जास्त जोर. पुढे प्रवेश घटले, चौकशा लागल्या. २०१६ मध्ये क्लिंटनचा मूळ कॅम्पस बंद झाला. २०२० मध्ये कंपनीने हे विद्यापीठ एका डॉलरला विकलं. हो, एका डॉलरला. ॲरिझोना विद्यापीठाच्या नावाखाली ते आता चालतं. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने विद्यार्थ्यांना खोटी आश्वासनं दिल्याबद्दल त्या कंपनीला दोन कोटी डॉलरहून जास्त दंड केला. आणि कंपनी? तिने त्याच वर्षी गाशा गुंडाळला.

ज्यांची डिग्री पूर्ण झाली होती, त्यांची डिग्री रद्द झाली नाही. जुन्या गुणपत्रिका मागायला एक जागा उरली. म्हणजे देना बँकेसारखं झालं. पण सगळ्यांचं नशीब असं नसतं.

कोरिंथियन कॉलेजेस नावाची दुसरी मोठी कंपनी होती. तिचे वर्ग इमारतींतही भरायचे आणि ऑनलाइनही. जून २०१४ मध्ये सरकारने तिला मिळणारे विद्यार्थ्यांचे पैसे फक्त २१ दिवस उशिरा द्यायचं ठरवलं, कारण कंपनी आकडेवारीची कागदपत्रं नीट देत नव्हती. २१ दिवस! आपल्याकडे डेअरीचं दुधाचं बिल एवढं लांबलं तर आपण उसनवारी करून घर चालवतो. ही हजारो मुलांची कंपनी, पण तिच्या हातात तेवढेही पैसे नव्हते. नवीन मुलांच्या फीवर जुन्या मुलांचे वर्ग चालत होते. २७ एप्रिल २०१५ ला तिने उरलेली कॉलेजं एका दिवसात बंद केली. साधारण सोळा हजार मुलं शिकत होती. पुढच्या वर्षी ६ सप्टेंबरला आयटीटी टेक्निकल इन्स्टिट्यूट नावाची अशीच साखळी बंद झाली, तिथे पस्तीस हजारांच्या वर विद्यार्थी होते.

मधल्या वर्षातल्या मुलांची खरी अडचण इथे झाली. शिकलेल्या प्रत्येक विषयाचे गुण, ज्याला क्रेडिट म्हणतात, ते दुसऱ्या कॉलेजने मानले तरच उपयोगाचे. आणि अनेक चांगली कॉलेजं अशा संस्थांचे क्रेडिट मानतच नव्हती. सरकारने कर्जमाफीची सोय ठेवली होती, पण तिला अट होती. जुने क्रेडिट घेऊन तोच कोर्स दुसरीकडे पूर्ण केला तर माफी नाही. म्हणजे कर्ज सोडवायचं की वर्षं वाचवायची, एक काहीतरी निवडा. कोरिंथियनच्या सगळ्या विद्यार्थ्यांचं कर्ज माफ करायचा निर्णय झाला तो जून २०२२ मध्ये, कंपनी बंद झाल्यावर सात वर्षांनी. तोपर्यंत कितीतरी जणांनी हप्ते भरले असतील.

आता आपल्याकडे या. आपल्या देशात कायद्याने विद्यापीठ नफ्यासाठी चालवता येत नाही. खाजगी विद्यापीठ काढायचं तर ट्रस्ट, सोसायटी किंवा ना-नफा कंपनी लागते, आणि राज्याच्या विधिमंडळाने त्यासाठी कायदा करावा लागतो. बहुतेक अशा कायद्यांत दोन चांगल्या तरतुदी असतात. संस्थेला ठरावीक रक्कम कायमची ठेव म्हणून बाजूला ठेवावी लागते, आणि विद्यापीठ बंद करायचं झालं तरी शेवटच्या तुकडीचं शिक्षण पूर्ण झाल्याशिवाय बंद करता येत नाही. आपल्या गटात राखीव निधी असतो ना, त्यातलाच हा प्रकार.

मग कंपनी कुठून आली? मोबाईलवर जी जाहिरात येते, जी ताई गोड आवाजात फोन करते, जे ॲप डाउनलोड करायला सांगतात, ते बऱ्याचदा विद्यापीठाचं नसतंच. ती एक वेगळी कंपनी असते. ती प्रवेश गोळा करते, ॲप चालवते, आणि डिग्री विद्यापीठ देतं. ही कंपनी नफ्यासाठीच असते आणि ती बंद पडू शकते. ती पडली म्हणून विद्यापीठाची जबाबदारी संपत नाही. पण तुमचे पैसे कंपनीच्या खात्यात गेले असतील आणि विद्यापीठाच्या दप्तरी तुमचं नावच नसेल, तर? म्हणून फी नेहमी विद्यापीठाच्या नावाच्या खात्यावर, आणि पावती विद्यापीठाची. एजंटच्या फोन-पे वर एक रुपयाही नाही. विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, हीच उच्च शिक्षणावर देखरेख करणारी केंद्राची संस्था. तिने जानेवारी २०२२ मध्येच सांगितलंय की विद्यापीठाने आपला अभ्यासक्रम कंपनीला फ्रँचायझी म्हणून चालवायला देणं नियमात बसत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एक इशारा दिला: काही कंपन्या परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून ऑनलाइन डिग्री विकत आहेत, त्या डिग्रीला इथे मान्यता नाही. 'घरबसल्या अमेरिकेची डिग्री' अशी जाहिरात दिसली की हे आठवा.

मान्यता नसली तर काय होतं याची आपल्या देशातली दोन उदाहरणं सांगते, कारण 'डिग्री हातात आली म्हणजे झालं' असं अनेकींना वाटतं.

छत्तीसगड सरकारने २००२ मध्ये एक कायदा केला आणि नुसत्या अधिसूचनेवर खाजगी विद्यापीठं मंजूर व्हायला लागली. बघता बघता ११२ झाली. कित्येकांना धड इमारतसुद्धा नव्हती. यूजीसीचे माजी अध्यक्ष आणि शास्त्रज्ञ प्रा. यशपाल सुप्रीम कोर्टात गेले. फेब्रुवारी २००५ मध्ये कोर्टाने त्या कायद्यातली ती कलमंच रद्द केली आणि त्यावर उभी असलेली विद्यापीठं एका निकालात संपली. शिकत असलेल्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून त्या संस्था जुन्या सरकारी विद्यापीठांना जोडून घेण्यासाठी सरकारने पावलं उचलावीत, असं कोर्टाने सांगितलं. म्हणजे मुलांना वाट दिली, पण मुलं मधल्या मध्ये लटकली ती लटकलीच.

दुसरं उदाहरण जास्त चटका लावणारं. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगी न घेता दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगच्या डिग्र्या दिल्या. मुलं पास झाली, काहींना त्यावर नोकरीत बढतीही मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. २००१ ते २००५ या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या डिग्र्या स्थगित, पुन्हा परीक्षा देऊन पास व्हा. त्यानंतरच्यांच्या डिग्र्या सरळ रद्द. विद्यापीठं चालू होती, बुडाली नव्हती, तरी डिग्री गेली. तेव्हा मला विचाराल तर कंपनी श्रीमंत आहे का गरीब हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न मान्यतेचा.

मान्यता बघायची कशी? यूजीसीचा दूरशिक्षण विभाग आहे, त्याला डीईबी म्हणतात. त्याच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला, कोणत्या कोर्ससाठी, कोणत्या वर्षाच्या सत्रासाठी परवानगी आहे याची यादी असते. या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. विद्यापीठाला बीएची परवानगी आहे म्हणजे एमबीएची असेलच असं नाही. गेल्या वर्षी होती म्हणजे यंदा असेल असंही नाही. ज्या सत्रात प्रवेश घेतला त्या सत्रात परवानगी असली पाहिजे. यादीतल्या त्या पानाचा स्क्रीनशॉट काढा, प्रिंट मारा आणि फाइलला लावा, कारण दहा वर्षांनी कुणी विचारलं तर तोच पुरावा. बनावट विद्यापीठांची यादीही यूजीसी काढते, तीही बघा. 'आयएसओ प्रमाणित', 'भारत सरकारकडे नोंदणीकृत', 'स्वायत्त' हे शब्द कितीही मोठ्या अक्षरात असले तरी ती डिग्री द्यायची परवानगी नव्हे. नोंदणी तर आपल्या ग्रामसंघाचीही असते, म्हणून आपण डिग्र्या वाटतो का?

परवानगी असलेल्या विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची डिग्री नेहमीच्या कॉलेजच्या डिग्रीच्या बरोबरीची मानली जाते, असं यूजीसीने स्पष्ट केलं आहे. त्यामुळे 'ऑनलाइन म्हणजे कमी दर्जाची' असं कुणी हिणवलं तर ऐकून घेऊ नका. पण सगळे विषय ऑनलाइन होत नाहीत. नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग, डॉक्टरकी, फिजिओथेरपी, कायदा हे त्यात येत नाहीत. आपल्या भागात सगळ्यात जास्त फसवणूक नर्सिंगच्या नावाने होते. मुलीला बारावीनंतर 'ऑनलाइन नर्सिंग, फक्त परीक्षेला यायचं' असं सांगतात. रुग्णाला हात न लावता नर्स कशी होईल, तुम्हीच सांगा! अशा कागदावर नर्सिंग कौन्सिलमध्ये नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय दवाखान्यात नोकरी नाही.

सरकारी पर्यायही आधी बघा, ते जाहिरात करत नाहीत म्हणून आपल्या डोळ्यांसमोर येत नाहीत. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे, राज्याच्या कायद्याने झालेलं. इग्नू १९८५ पासून, संसदेच्या कायद्याने. कायद्याने झालेलं विद्यापीठ एखाद्या कंपनीसारखं एका दिवसात शटर ओढून घेऊ शकत नाही. मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या कॉलेजांत असतात, म्हणजे अडलं तर जाऊन भांडायला एक खिडकी आहे. खाजगी विद्यापीठ घ्यायचंच असेल तर ते किती जुनं आहे, किती तुकड्या बाहेर पडल्या, आणि मागे कोणता ट्रस्ट आहे ते विचारा. शक्य असेल तर तिथून पास झालेल्या एखाद्या मुलीशी बोला. फोनवरच्या समुपदेशकाशी बोलणं हे काही बोलणं नव्हे, त्याला प्रवेशामागे कमिशन असतं. 'शेवटच्या दोन जागा उरल्यात' असं तो म्हणतो तेव्हा मला हसू येतं. मोबाईलवरच्या वर्गात बाकडी थोडीच संपतात!

पैशाचं बोलू. तिन्ही वर्षांची फी एकदम भरली तर सवलत, असं सांगतात. घेऊ नका ती सवलत. कोरिंथियनच्या मुलांकडून हेच शिकायचं: संस्था मध्येच बंद झाली तर जेवढं आगाऊ दिलं तेवढं बुडालं. सत्राची फी सत्राला भरा. गटानेही कर्ज तसंच द्यावं असं माझं मत आहे. एकदम साठ हजार देण्यापेक्षा प्रत्येक सत्राला दहा, आणि पुढचा हप्ता देताना आधीच्या सत्राची गुणपत्रिका बैठकीत दाखवायची. ठरावात तसं लिहून ठेवा. काही अध्यक्ष ताईंना हे फार कडक वाटेल, पण यात त्या सुनेचाच फायदा आहे. तिने अभ्यासाला वेळ मागितला तर घरात तिच्या बाजूने गट बोलेल.

'बिनव्याजी ईएमआय' हे शब्द ऐकले की थांबा. तो हप्ता फीचा नसतो, तर तुमच्या पॅनकार्डवर एखाद्या फायनान्स कंपनीने दिलेलं कर्ज असतं. फायनान्स कंपनीने फी आधीच पुढे देऊन टाकलेली असते. ॲप बंद पडलं, वर्ग थांबले, तरी हप्ता दर महिन्याला खात्यातून कापला जातो. थांबवला तर सिबिल खराब, आणि बँक लिंकेजच्या वेळी एकेका सभासदाचं सिबिल बघणाऱ्या बँका आता आहेत. ओटीपी सांगण्याआधी एवढंच विचारा: "हे कर्ज आहे का, आणि कुणाचं आहे?"

आणखी एक गोष्ट खास आपल्या बायकांची. दहावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ऑनलाइन प्रवेशासाठी २०२४ पासून विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, आणि त्याला जोडलेलं क्रेडिटचं खातं आधारवरच्या नावाने उघडतं. नावं जुळली नाहीत की सगळं तिथेच अडतं. तेव्हा प्रवेशाआधी विवाह नोंदणीचा दाखला तयार ठेवा, गरज पडली तर राजपत्रात नावबदल करून घ्या, आणि विद्यापीठात कोणतं नाव लावायचं ते एकदाच ठरवा. हा आयडी विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. एजंट "आम्ही काढून देतो" म्हणाला आणि त्याचाच मोबाईल नंबर टाकला, तर तुमचं खातं त्याच्या हातात.

हा आयडी आणि क्रेडिटचं खातं तुमच्या फायद्याचंच आहे. पूर्ण केलेल्या विषयांचे क्रेडिट त्यात जमा होतात आणि नोंद फक्त एका संस्थेच्या कपाटात राहत नाही. अमेरिकेतल्या मुलांसारखी वेळ आली तर दुसऱ्या विद्यापीठात जाताना हे कामाला येतं. अर्थात नवीन विद्यापीठाने ते मानायला हवेत, म्हणून आधी लेखी विचारून घ्यायचं. गुणपत्रिका आणि डिग्री डिजिलॉकरमध्ये आली का, तेही प्रत्येक सत्राला तपासा.

जिचा प्रवेश आधीच झालाय आणि ॲप बंद पडलंय किंवा फोन उचलत नाहीत, तिने घाबरून घरी बसू नये. आधी विद्यापीठाच्या कुलसचिवांच्या नावाने लेखी अर्ज करा: माझं नाव आपल्या नोंदीत आहे का, पुढची परीक्षा कधी आहे. सोबत प्रवेशपत्र, फीच्या पावत्या आणि माहितीपत्रक जोडा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, किंवा स्वतः जाऊन दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. उत्तर आलं नाही तर यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार करता येते, आणि कंपनीविरुद्ध ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर. अर्ज लिहायला अडचण असेल तर ग्रामसंघाच्या बैठकीला मूळ कागद आणि एक झेरॉक्स संच घेऊन या. झेरॉक्स आपल्याकडे राहील. मूळ कागद कुणालाच देऊ नका, मलासुद्धा नाही.